आईचा व्हायब्रेटो

३ मार्च
घोळ! नव्या व्हिडिओ गेममधल्या राणीचं गाणं जुन्या कन्सोलच्या आवाजात बसवत होते. तिचा स्वर सेकंदाला सहा वेळा हलवायचा – व्हायब्रेटो, गाणारे गळ्यानं करतात तो. मी सहाच्या पुढे दोन शून्यं जास्त टाकली. राणी गायच्याऐवजी सायकलच्या घंटीसारखी वाजायला लागली! सगळं ऑफिस हसलं.

चश्मिश (आमचा प्रोग्रामर, स्वतःला फार शहाणा समजतो) म्हणाला, "बाईसाहेब, चुकून एफएम केलंत. रेडिओ नव्हे, आवाज बनवायची रीत." स्वर हळू हलवला तर हलणं ऐकू येतं. फार जलद हलवला तर हलणं कळतच नाही, निराळाच आवाज तयार होतो – घंटी, पत्रा, काहीही. काही जुन्या कन्सोलचे बहुतेक आवाज असेच बनायचे म्हणे. ऐकून घेतलं. तोंड वाकडं करून.

४ मार्च
आईला राणीचे दोन्ही आवाज ऐकवले, गाण्याचा आणि घंटीचा. घंटीवर खूश! "मग माझाही गळा असा जोरात हलव की. घंटी तरी होईल." हसली. मला हसू येईना. आजारपणानंतर आवाज कापतो म्हणून वर्षभर गायलेली नाही. पूर्वी भांडी घासतानाही गायची, मी ओरडायचे, "आई, हळू!" आता फोनसुद्धा मलाच घ्यायला लावते. घर खायला उठतं अगदी.

५ मार्च
चश्मिशनं माझ्या टेबलावर सायकलची घंटी आणून ठेवलीय. गाढव.

९ मार्च
घरीच काम करत होते. आई शेजारी येऊन बसली. राणीचं गाणं चालू – व्हायब्रेटोवालं. "ही माझ्यासारखीच कापतेय. काढ ती थरथर." काढली. आईनं ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं. "छे! आता नुसती शिट्टी वाजतेय. कुणी गातंय असं वाटतच नाही."

जरा वेळानं म्हणाली, "घाल परत."

घातली. (मला गप्प बसणं जमलं, हे लिहून ठेवायलाच हवं!)

१० मार्च
बाथरूममधून राणीची चाल! नळ कधीचा बंद झालाय, आई बाहेर येईना. आवाज कापतोय, तरी पहिल्या ओळीपासून परत चालू. माझी अंघोळ राहिलीय, ऑफिसला उशीर झालाय. दार वाजवणार नाही.