हातमागावरून सुचलेली साडी

नागपूर,
३ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबा,

तुमची रुचिका दुरूनच पाया पडते. मी बरी आहे. आईच्या गुडघ्यासाठी भूषणजवळ तेल पाठवलं होतं. तिने ते लावलं की कपाटात जपून ठेवलं, ते जरा बघा. पोळ्याला मी आले नाही. ऑफिसात काम आहे असं आईला सांगितलं होतं. काम नव्हतं.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

भूषण सांगत होता की पंधरा दिवस झाले, तुम्ही मागावर बसला नाहीत. अर्धी साडी तशीच आहे आणि आईने तिच्यावर चादर टाकली आहे. "बाबा कोणाशीच बोलून नाई राहिले, ताई," म्हणाला. मी त्याला म्हटलं, कंपनीतल्या कोणीतरी चूक केली. तुम्हालाही फोनवर तेच सांगितलं होतं. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी माझं काम काय ते सांगते. गावात तुम्ही कौतुकाने सांगता की पोरगी कंप्युटरवर साड्या विकते, ते काही तितकंसं खरं नाही.

मी वेबसाइटवर साड्यांखालचे शब्द लिहिते. आमच्याकडे साडीला नुसतं साडी म्हटलं की प्रविण सर तोंड वाकडं करतात. ते आमचे साहेब. 'क्युरेटेड' म्हणजे पारखून निवडलेली. निवडतो कोण, तर गोदामातला घनश्याम, हाताला लागेल ते गाठोडं उचलून. 'लिमिटेड एडिशन' म्हणजे गोदामात असतील तितक्या. 'सस्टेनेबल' म्हणजे काय, ते तीन वर्षांत मी कोणाला विचारलं नाही आणि मलाही कोणी विचारलं नाही. आम्ही यावर हसायचो, बाबा. चहा पिता पिता पोट धरून हसायचो.

मग बाहेरून यंत्रमागाचा माल आला. रंग कोशाच्या रेशमासारखा, धागा नकली. साहेब म्हणाले, हातमाग तर लिहिता येणार नाही, पण वाचणाऱ्याला तसं वाटलं पाहिजे. मी दहा मिनिटांत शब्द काढून दिला, 'हँडलूम इन्स्पायर्ड'. म्हणजे हातमागावरून सुचलेली. लोकांना पुढचा हातमाग दिसतो, मागचं कोणी वाचत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला बढती मिळाली. तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत ते त्याचेच.

"याला आता एक चेहरा पाहिजे," साहेब म्हणाले. चेहरा मी दिला. मागावर बसलेला, हातात धोटा घेतलेला तुमचा फोटो.

संमतीच्या कागदावर सही घ्यायला मी घरी आले होते, आठवतं? तुम्ही म्हणालात, "इंग्रजी मले कायले दाखवतं? काय लिवलं हाये ते वाचून सांग." मी वाचलं, "आंधळगावच्या विणकर चंद्रभान यांच्या हातमागाची साडी." कागदावर 'हातमागावरून सुचलेली' होतं. ते मी गिळलं. चुकून नाही, बाबा. तुम्ही चष्मा पुसत होता आणि मला पक्कं माहीत होतं की ते ऐकलं तर तुम्ही सही करणार नाही.

पवनीच्या चंद्रकलाबाई साडी घेऊन आल्या ते मला भूषणकडून कळलं. लेकीच्या लग्नासाठी आमच्याकडून घेतलेली साडी, तिला लावलेल्या चिठ्ठीवर तुमचा फोटो, आणि पहिल्याच धुण्यात रंग गेलेला. तुम्ही नुसता काठावरून अंगठा फिरवलात म्हणे. विणताना कापड ताणून धरायला आपण जी काठी लावतो, तिच्या टाचण्यांची बारीक छिद्रं काठावर राहतात. आमच्या ऑफिसात त्या छिद्रांना 'डिफेक्ट' म्हणतात. त्या साडीला एकही छिद्र नव्हतं. तुम्हाला तिथेच सगळं कळलं. तरी बाईंना चहापाणी केलंत, ती साडी ठेवून घेतलीत आणि स्वतः विणलेली कोशाची साडी त्यांच्या हातात दिलीत.

इथवर मी कसंबसं पचवलं असतं. पण विणकरांच्या सोसायटीच्या बैठकीत श्रावणकाकांनी विचारलं, "चंद्रभान, हे कोणं लिवलं? तुह्या पोरीच्याच कंपनीची साडी हाये ना?" आणि तुम्ही उभं राहून म्हणालात, "पोरीचं नाव घेऊ नका. म्याच तसं लिवाले सांगतलं होतं." चाळीस वर्षं ज्यांच्या बरोबरीने विणलंत त्या माणसांसमोर. त्यांनी विणकरांच्या यादीतून तुमचं नाव काढलं. ताईला सांगू नको असं तुम्ही भूषणला बजावलंत. त्याला राहवलं नाही.

मी रडले. मग तुमचा राग आला. एक धागा चुकला तर मला वीतभर कापड उसवायला लावणारे तुम्ही, माझं खोटं स्वतःच्या अंगावर का घेतलंत?

साहेबांना म्हटलं, बाबांचा फोटो काढून टाका. "मस्त चालून राहिला आहे, दिवाळीपर्यंत राहू दे," म्हणाले. मग मीच तो वेबसाइटवरून काढून टाकला आणि साडीखाली स्पष्ट लिहिलं की ही साडी यंत्रमागाची आहे. नोकरी राहील असं वाटत नाही. आईला एवढ्यात सांगू नका.

सोसायटीच्या अध्यक्षांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. शब्द कोणाचा, सही कशी घेतली, वाचताना काय गाळलं, सगळं त्यात आहे. बैठकीत मोठ्याने वाचा, अशी विनंतीही केली आहे. ते सोमवारीच टाकलं आणि हे आज टाकते, मुद्दाम. तुम्हाला आधी कळतं तर तुम्ही अध्यक्षांच्या दारात जाऊन ते परत मागून आणलं असतं.

लोक आता तुम्हाला विचारतील की हे खरं आहे का. माझी काळजी वाटेल, जीभ अडखळेल. तरी हो म्हणा, बाबा. माझ्यासाठी एकदा खोटं बोललात, तेवढं पुरे.

ते खोटं जिचं होतं ती, तुमचीच,
रुचिका