खंडेनवमीचा सर्व्हर

अप्पा, मला तुमचा राग आलाय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावू नये असं आई म्हणते, आणि तिच्यासमोर मी गप्प बसते. आज ती मावशीकडे गेली आहे, वर्तकनगरच्या घरात मी एकटीच आहे आणि तुमच्याच टेबलाशी बसून हे लिहितेय. ज्याच्याशी भांडायचं तो माणूसच जागेवर नाही, ही तर आणखी चीड आणणारी गोष्ट.

वागळे इस्टेटमधला तुमचा गाळा मला अजून दिसतो. दोन लेथ, एक ड्रिल, खिडकीत रेडिओ आणि सगळ्याला तेलाचा वास. मी सातवीत असेन, कुणीतरी तुम्हाला भाड्याने मशीन देऊ करत होता आणि तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलंत. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "बाय, हत्यार आपलं असलं पाहिजे. उद्या तो परत मागायला आला तर काय करशील?" ते वाक्य डोक्यात असं बसलं की घोडबंदर रोडची नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली तेव्हा सामानात सगळ्यात आधी तेच घेतलं.

कंपनी म्हणजे मी आणि कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. ती डोंबिवलीची. दोघींचे पीएफचे पैसे, बाहेरचं कुणी नाही. रक्त-लघवी तपासणाऱ्या छोट्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो, पेशंटला रिपोर्ट मोबाइलवर जातो. पहिल्याच दिवशी ती एक यादी घेऊन आली. सर्व्हर भाड्याचा, लॉगिन तयार मिळतं ते, बॅकअप एका कंपनीकडे. मी पेन घेतलं आणि एकेक ओळ खोडत गेले.

"अगं, लॉगिन काय आपण लिहायचं? सगळं जग तयार वापरतं."

"उद्या त्यांनी भाव वाढवला तर?"

"तर तेव्हा बघू ना. आधी लॅब तर मिळू देत."

मग मी तुमचं वाक्य काढलं. तिने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, ती काय बोलणार? सर्व्हर आम्ही विकत घेऊन ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवला. लॉगिन मी लिहिलं, बॅकअपही मीच लिहिला. लॅबवाले बिचारे एकच गोष्ट मागत होते, जुना रिपोर्ट नव्याच्या शेजारी दिसू दे. ती करायला आम्हाला वेळच नव्हता. मी कुलपं घडवत बसले होते, तीही बाजारात तयार मिळणारी.

आणि मग खंडेनवमी. तुमच्या गाळ्यात त्या दिवशी काय थाट असायचा. लेथ रॉकेलने पुसून लख्ख, हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. त्याआधी तुम्ही स्वतः मेन स्विच पाडायचात. चालू मशीनची पूजा करत नाहीत, त्याला एक दिवस तरी विश्रांती द्यावी, असं तुम्ही म्हणायचात. मी दर वर्षी सर्व्हरची पूजा करते. दिवसभर बंद ठेवणं शक्य नाही म्हणून लॅबवाल्यांना अर्ध्या तासाचा निरोप देते. यंदाही दिला. बंद केला, धूळ झाडली, कुंकू लावलं, माळ घातली, हात जोडले. मग बटण दाबलं. तीन वर्षांची जुनी, वर्षभर अखंड फिरलेली डिस्क एकदा थांबली ती पुन्हा फिरलीच नाही. बॅकअप काढायला गेले तर तो गेले दोन महिने रिकाम्या फायली साठवत होता. मी लिहिलेला, मी कधी तपासून न पाहिलेला. मी तशीच माळेसमोर उभी, हाताला कुंकू.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या लॅबच्या डॉक्टरांचा फोन आला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "मॅडम, एका बाईंचा रिपोर्टच गेला, त्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं. आज पुन्हा उपाशीपोटी आल्या रक्त द्यायला, रिक्षाने, एकट्या. त्यांना मी काय सांगू?" त्यांनी आमचं काम बंद केलं, पाठोपाठ आणखी दोघांनी. मैत्रीण तेव्हाही आवाज न चढवता म्हणाली, "सोमवारपर्यंत सांग. सगळं भाड्याने घ्यायचं, नाहीतर मी निघते. तुझ्या वडिलांच्या गाळ्यात मला काम करायचं नाहीये."

मला तुमच्या बाजूने कुणीतरी बोलणारं हवं होतं. म्हणून काल वागळे इस्टेटला तुमच्या लेथवर काम करणाऱ्या जुन्या टर्नरना भेटायला गेलेले. ते आता तुमच्या गाळ्यासमोरच्या कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसतात. सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागले.

"अप्पा आणि सगळं स्वतः? शेवटचं घासकाम, ग्राइंडिंग, कधी केलं त्यांनी? ते पलीकडच्या गाळ्यात जायचं. लोखंड तापवून कडक करायचं ते हार्डनिंग तिसरीकडे. लेथला मात्र बाहेरच्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

अप्पा, मग हे मला का नाही सांगितलंत? अर्धं वाक्य देऊन मोकळे झालात. आपलं काम लेथचं, म्हणून लेथ आपला, बाकीचं बाहेर द्यायचं, एवढं बोलायला किती वेळ लागला असता? पोरीसमोर रुबाब राहिला तुमचा, आणि तिकडे कल्याणची एक बाई माझ्यामुळे दुसऱ्यांदा उपाशी राहिली. मी इथे मोठ्याने ओरडले तुमच्यावर. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, बरी आहेस ना गं.

त्या गेल्यावर मला ट्रे आठवला. मे महिन्याच्या सुट्टीत पत्र्याच्या ट्रेमध्ये लेथवरून उतरलेले जॉब, म्हणजे सुटे भाग, ग्राइंडिंगसाठी घेऊन रस्ता ओलांडून पलीकडच्या गाळ्यात कोण जायचं? मीच. तिथले काका जॉब मोजून घ्यायचे आणि मला लिमलेटची गोळी द्यायचे. यादीवरची लॉगिनची ओळ खोडताना तो ट्रे डोळ्यांसमोर येऊन गेला होता, हेही खरं आहे. सगळं स्वतः करणारा बाप मला जास्त आवडत होता, म्हणून मी ट्रेकडे बघितलं नाही.

हे पत्र तुमच्याच खणात राहील. सोमवारी मी मैत्रिणीला हो म्हणणार आहे. इतकी वर्षं का अडून बसलीस, असं ती विचारणारच. तेव्हा मी तुमचंच नाव सांगणार आहे, अप्पा. ट्रेचं सांगणार नाही.