डेल्मरला माझं पटलं तेव्हा

प्रिय अर्डिसला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळे. ॲरिझोनातल्या उन्हाने ते वितळले असतील अशी आशा आहे. इकडे मिनेसोटात तळं अजून दगडासारखं आहे आणि माझी तब्येतही साधारण तशीच, म्हणजे गार पण टिकाऊ.

परवा फोनवर तू विचारलंस, "व्हर्ना, दर महिन्याला त्या इस्पितळातल्या मेलेल्या माणसांच्या बैठकीला जातेस, तुला दुसरा उद्योग नाही का?" तेव्हा स्टोव्हवर दूध होतं म्हणून मी विषय टाळला. (दूध उतू गेलंच.) आज सविस्तर लिहिते.

ऑरिन खुब्याच्या ऑपरेशनसाठी दाखल झाला ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला म्हणाला, "व्हर्ना, कृपया थोडं पाणी देतेस का?" अर्डिस, चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला 'कृपया' म्हटलं नव्हतं. बरा माणूस होता, पण पाणी हवं असलं की नुसता पेल्याकडे बघायचा. मी नर्सला गाठून सांगितलं, "हे काही ठीक दिसत नाही, फार सभ्य बोलतोय." ती हसून म्हणाली, "मग बरंच आहे की." मी पुन्हा सांगितलं. डॉक्टर येतील, म्हणाली. आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे, घराला आग लागली तरी शेजाऱ्याला आधी 'सवड आहे का' विचारायचं. मी बसून राहिले. जंतू रक्तात भिनले होते. सकाळी ऑरिन गेला.

त्यानंतर जो भेटेल तो सांगायचा, त्याची वेळ आली होती. पाद्रीबाबांनी सांगितलं, किराणावाल्याने सांगितलं. सगळ्यांना ऑरिनची वेळ ठाऊक होती, एक मला सोडून.

मग डॉक्टर व्हांगबाईंचा फोन आला. (लहान चणीच्या, केस कायम पेन्सिलीने बांधलेले.) इस्पितळात जी माणसं जातात, त्यांच्यावर त्या दर महिन्याला सगळ्यांना बसवून विचार करतात: काय झालं, काय वेगळं करता आलं असतं. म्हणाल्या, "तुम्ही तिथे होतात. तुम्ही काय पाहिलंत ते आम्हाला ऐकायचंय." मी ठरवलं, आता एकेकाला सोलून काढायचं. दफनाच्या वेळचा काळा पोशाख घातला, आरशासमोर भाषण पाठ केलं. पण भांडायला गेलं तरी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून लिंबाच्या वड्या केल्या. तिथेच घात झाला. आपली वडी तोंडात असलेल्या माणसाला शिव्या देता येत नाहीत, करून बघ.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "काहीतरी बिघडलंय असं तुम्हाला केव्हा वाटलं?" मी म्हटलं, "तो कृपया म्हणाला तेव्हा." कोणी हसलं नाही. बाईंनी त्या दुपारची नोंद वाचून दाखवली: रुग्ण शांत व नम्र. सर्जनने वडी खाली ठेवली. (अर्धीच. नंतर संपवली.) मग बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही. वेळेवर धावलो असतो तर कदाचित ते वाचले असते." मी पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. त्या 'कदाचित'मुळे मला घरी जाऊन पोटभर रडता आलं. इतके दिवस ते अडलं होतं. मी त्या बाईची जन्माची ऋणी आहे.

पुढे त्यांनी मला बैठकीतच घेतलं. तिथे ठरलं की प्रत्येक खोलीत एक पाटी लावायची आणि धावून येणाऱ्या डॉक्टरांचा नंबर घरच्यांनाच द्यायचा. त्यांनी लिहिलेलं वाक्य इतकं लांब होतं की वाचेपर्यंत माणूस जावा. मी म्हटलं, एवढंच लिहा: 'आपलं माणूस नेहमीसारखं वागत नसेल तर हा नंबर फिरवा. कोणाला विचारू नका.'

आता आपले बंधुराज. डेल्मरचं पित्ताशय काढलं हे तुला कळवलं होतं, पुढचं त्याने कळवू दिलं नाही. संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसले होते. सहज बोलले की म्हाताऱ्या माणसाने बर्फावर एकट्याने मासे धरायला जाऊ नये. डेल्मर म्हणाला, "तुझं बरोबर आहे, व्हर्ना."

मी उठले आणि नंबर फिरवला. पलीकडून विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, "भावाला माझं पटलंय." फोनवरची बाई म्हणाली, "निघालोच." सहा माणसं औषधं-यंत्रांचा गाडा ढकलत आली. डेल्मर पांढराफटक, घामाने भिजलेला, आणि पोटात रक्त साचत होतं. तसाच परत ऑपरेशनला नेला.

शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य: "मी असं काही म्हणालोच नाही." डॉक्टरबाईंनी सर्जनला सांगितलं, "आता धोका टळला."

या महिन्याच्या बैठकीत बाई म्हणाल्या, "आज आपल्याला एका माणसाबद्दल बोलावं लागणार नाही, व्हर्नाच्या भावाबद्दल." मी खिडकीकडे बघत बसले. ऑरिन पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून माझी वाट बघतोय असं उगाच वाटलं. म्हणून जाते मी त्या बैठकीला.

तुझी,
व्हर्ना

ता. क. डेल्मर बरा होईपर्यंत माझ्याकडेच आहे. आता पुरता बरा झालाय, म्हणजे जेवणातल्या हॉटडिशमध्ये बटाटे कमी, माझं गाडी चालवणं वाईट आणि हवामानखातं खोटारडं. देवाचे मी रोज आभार मानते, पण देवाला त्याच्यासोबत नाश्ता करावा लागत नाही. तुझ्याकडे जादा खोली आहे आणि ऊन आहे. कृपा करून त्याला घेऊन जा.

ता. क. २. पण फार दिवस ठेवू नकोस. काल तो दुपारभर न्हाव्याकडे गप्पा मारत बसला होता, तर घर इतकं शांत झालं की मी रेडिओ लावला. थोड्या वेळाने लक्षात आलं, मी रेडिओशी भांडतेय आणि तो उलट उत्तर देत नाहीये.