सहाशे चाळीसमध्ये बसवायचं

आवं, मी कोण ते आठवतंय का? तासगावच्या स्टँडवर पिशवी आठवणीनं उचलून बायको विसरून एसटीत चढलेला माणूस तुम्ही, म्हणून विचारते. मणेराजुरी आल्यावर कंडक्टरनं दुसरं तिकीट कुणाचं म्हणून विचारलं, तेव्हा कुठं तुम्हाला मी आठवले. तर मी ती. अजून आहे. दात गेले, गुडघे गेले, तुम्ही तर त्यांच्याही आधी गेलात. नात समोर बसून लिहून घेतेय. मी न्हाई म्हटलं की ती नाही लिहिते, चालायचं, नोकरी करते ती.

गोष्ट अशी आहे की पोरगा म्हणतो, तासगावचं घर बंद कर आणि शिरवळला कायमची ये. नात त्यासाठीच आलीय. उद्या सकाळी तिच्याबरोबर निघायचं, का तिला एकटीलाच पाठवायचं, ते मी सांगायचं. तुम्ही गेल्यापासून मी काही महिने सांगलीला लेकीकडं, काही महिने शिरवळला, मधेमधे इथं. प्रत्येक ठिकाणी गेलं की साखरेचा डबा कुठला, नळाला पाणी कधी, पंख्याचं बटण कुठलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या कॉम्प्युटरच्या त्या दोन फ्लॉप्या होत्या ना, एक मराठीची, एक हिशेबाची? हिच्यावरून तिच्यावर जायचं म्हटलं की मशीन बंद करून परत चालू करायला लागायचं. तसं माझं झालंय. लय थकले. आणि थकल्यापेक्षा वाईट म्हणजे, मागल्या महिन्यात पोराचा फोन चालूच राहिला आणि मला आत्या म्हणणाऱ्या सुनेचं बोलणं ऐकू आलं. "आत्यांची कॉट हॉलमध्ये? मग टीव्हीचं टेबल कुठं ठेवायचं? आणि माझं शिलाई मशीन?" फोन बंद करायचं लाल बटण मला चांगलं कळतं. पण ऐकत बसले. मग जेवले नाही.

तेव्हापासून तुमची ती पुढची खोली डोळ्यांपुढं येते. पलटणीत क्लार्की करून तुम्ही घरी आलात आणि कुणाकडं नव्हतं तेव्हा ते मशीन आणून बसलात. मी शेडवर बेदाणा निवडून आलेय, हात चिकट झालेत, आणि तुम्ही दारातच अडवता, "हात धू, मग आत ये. हितं धूळ चालत न्हाई." माझ्या चपातीला धूळ चालत होती, तुमच्या मशीनला चालत नव्हती. दिवसा लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, सौद्याच्या, म्हणजे बेदाण्याच्या लिलावाच्या, दिवसांत व्यापाऱ्यांच्या पावत्या. मराठी अक्षरं आपोआप यायची नाहीत. मशीन चालू होताना तो मराठीचा प्रोग्रॅम आत शिरून बसायचा. दिवसभर गप्प. तुम्ही दोन बटणं एकदम दाबली की उठायचा, तुमचं चार ओळींचं काम करायचा, पुन्हा गप्प. पण बसला म्हणजे जागा अडवणारच. तुमच्याकडं पावत्या करून घेणाऱ्या एका बेदाण्याच्या शेठनं हिशेबाचा नवा प्रोग्रॅम आणला, आणि मराठी आत बसलेलं असलं की तो काही सुरूच होईना. मेमरी पुरत नाही, एवढंच पडद्यावर यायचं.

शेठनं सांगलीहून मेमरीची नवी पट्टी आणून आत घातली. तरी तेच. तो तुमच्यावर तापला, "फौजी, चेष्टा लावलीया व्हय? एवढी मेमरी घातली, तरी जागा न्हाई म्हणतंय!"

"शेठ, तुमचं गोदाम औंदा वाढवलंत. माल निवडायचं टेबल वाढवलंत का?"

"टेबल हाय तेवढंच हाय की."

"मग बाया हायत तेवढ्याच बसत्यात ना? ह्या मशीनच्या डॉसचं टेबल सहाशे चाळीस केबीचं, मेमरी कितीबी घाला. तुमी घातली ती समदी जागा वर, माळ्यावर. आन् तुमचा हिशेबाचा प्रोग्रॅम काय माळ्यावर चढंना."

"मग ते मराठी उतरवा खाली! नुसतं बसून तर असतंय. माल नेणारा दिल्लीचा, त्याला कशाला मराठी?"

"माल आणणारा जतकडचा हाय, शेठ. मेंढरं सोडून द्राक्षबागंला लागलाय. पावतीवर आपलं नाव तरी वाचू द्या त्याला."

"पुढच्या सौद्यापातूर दोन्ही एका वक्ताला चालवून दावा, न्हाईतर माझं काम सांगलीला जातंय," असं म्हणून शेठ चहा न पिता गेला. तो चहा मी प्याले.

मग तुमचं सुरू. मशीनमध्ये कोण कुठं बसणार त्या यादीतली एक ओळ वर न्यायची, एक खाली. मशीन बंद, मशीन चालू. किती जागा उरली ते बघायचं आणि मान हलवायची. मी ताट वाढून हाक मारतेय आणि तुम्ही पडद्याकडं बघून एकच पुटपुटताय, "ह्याला कुठं बसवू?"

"आवं, पावणं आल्यात का वऱ्हाड आलंय?" मी विचारलं.

"वऱ्हाडच म्हण. आन् मोठ्याला आधी चढवाय लागतंय माळ्यावर. बारकं आधी चढलं की मधोमध पाय पसरून बसतंय, मग मोठ्याला वाट न्हाई." आणि मशीनवर पलटणीतल्यासारखं ओरडलात, "जगह बनाओ!" मशीन ऐकेना. पलटणीत तरी तुमचं कोण ऐकत होतं देव जाणे.

सगळं रचून झालं तरी जरासं कमीच पडत होतं. शेवटी तुम्ही माऊस काढलात. त्याचाही एक प्रोग्रॅम आत बसलेला असायचा म्हणे. त्या माऊसनं तुम्ही लग्नपत्रिकेवरचा गणपती काढायचात, सोंडेचं वळण जमलं की मला स्वयंपाकातून उठवून दाखवायचात. लय अभिमान तुम्हाला त्या सोंडेचा. मी म्हटलं, "आन् गणपती?" तुम्ही वायर गुंडाळून फडताळात ठेवलीत आणि म्हणालात, "बोटं हायत की अजून." त्यानंतर तुमच्या पत्रिकांवर नुसत्या फुल्यांची चौकट यायची. पण सौद्याच्या दिवशी दोन्ही एकत्र चाललं. जतकडच्या एका म्हाताऱ्यानं पावती दारातल्या उजेडात धरली, बोट ठेवून आपलं नाव मोठ्यानं वाचलं. मग बापाचं. मग गावाचं. पुढचे आकडे वाचलेच नाहीत, पावती टोपीत घातली आणि गेला. मी दाराआड उभी होते. मला तर तेवढंही येत नव्हतं, पण तो वाचेपर्यंत मी पण श्वास धरला होता.

ते मशीन मी पुढं भंगारवाल्याला दिलं, रागावू नका. रडले नाही, ते उचलायला लय जड होतं. आता सगळ्यांकडं खिशात मावणारी मशीनं आहेत, सगळं एकदम चालू असतं, कुणाला उतरवावं लागत नाही. घरं मात्र लहान झालीत.

आज दुपारी नात आली. पाणी प्यायच्या आधीच मी विचारलं, "तुझ्या आईच्या टीव्हीचं काय झालं गं?"

"भिंतीला लावला की. टेबल शेजारच्यांना देऊन टाकलं. तुझी कॉट खिडकीखाली मांडलीय, आईनं तिथं झोपून पण बघितलं, ऊन तोंडावर येतंय का म्हणून."

"आन् शिलाई मशीन?"

"माळ्यावर."

आवं, तिच्या ब्लाउजांना बायका नंबर लावतात. त्या मशीनवर ती कुणाला हात लावू देत नाही. मी नातीला म्हटलं, "मी येते म्हणून कुठं सांगितलं होतं?" ती म्हणाली, "तिनं तरी तुला कुठं विचारलं?"

मग उठून तिला पाणी दिलं. महिनाभर मी ते टीव्हीच्या टेबलाचं बोलणं चघळत होते. कुठं ठेवायचं, कुठं ठेवायचं, हे मी आधी कुणाच्या तोंडून ऐकलं होतं ते माझ्या ध्यानातच आलं नाही. शेठला काढायचं होतं, तो सरळ उतरवा म्हणाला. जागा विचारत बसला होतात ते तुम्ही. सून ताडताड बोलते, तुमच्यासारखीच, आणि मी फक्त आवाज ऐकला. तरी धास्ती आहेच. मी तिथं नुसती बसून राहणार, आणि कुणी हाक मारली तर आता मला उठायलाच किती वेळ लागतो. तिचं मशीन माळ्यावर किती दिवस राहील, आणि मी खाली किती दिवस.

नात विचारते, हे पत्र कुठं टाकायचं. कुठं टाकते, तुमच्या गावाला पोस्ट नाही. ट्रंकेत राहू दे, ट्रंक मी तुमच्याकडं येताना घेणारही नाही. एक मात्र सांगून टाकते. जाऊ का नको, म्हणून तुम्हाला विचारायला मी नातीला हे सगळं लिहायला बसवलं, पण फोन मी मघाशीच केलाय. येते म्हटलं. सून म्हणाली, "या आत्या, मी जेवायची थांबते." पोरगी चांगली आहे, पण आमटी फार आळणी करते, आणि पहिल्या दिवशी काही बोलता येत नाही. तेव्हा तिकडून काही पाठवायची सोय झालीच तर गोडधोड नको. हिरव्या मिरचीचा खर्डा पाठवा, शेंगतेलातला, आणि लसूण ठेचूनच घाला, मला आता चावत नाही.