ताईच्या नावाचा बेडूक

४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या बेडकाची बातमी पेपरात वाचली आणि ऊर भरून आला. जगाला ठाऊक नसलेली नवी जात, ती सापडली कुठे, तर माझ्या मोरीमागच्या ओलीत! वर तिला नाव माझं. शेजारणींना दाखवून दाखवून कात्रण घडीवर फाटलं. तुझे भावोजी म्हणतात, एका जागी न ठरणाऱ्या जिवाला हेच नाव शोभतं.

बरं, थोड्या दिवसांच्या बोलीवर नेलेला माझा उडाणटप्पू परत कधी आणतोस? धुण्याच्या दगडावरून एका उडीत टाकीच्या कठड्यावर जायचा. त्याच्याशिवाय मोरी सुनी वाटते.

भावजयीला आशीर्वाद. आमची आठवण ठेव.

तुझी,
ताई

१२ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगायला जड जातंय, पण तो परत येणार नाही. नवी जात ठरवायची तर तिचा एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. तो स्पिरिटच्या बरणीत आहे, चिठ्ठीवर तुझंच नाव आहे. आधी गुंगी दिली होती, त्याला त्रास झाला नाही.

आता साहेबांना मादीही हवी आहे. रविवारी येऊ का? रागावू नकोस, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, द्यावे लागतात म्हणून.

रागावू नकोस म्हणे! माझ्या घरातून जिता जीव नेलास, मारलास, आणि त्याच्यावर माझं नाव चिकटवलंस? मी इथे गल्लीभर मिरवत होते, तेव्हा तुझी दातखीळ बसली होती का? नेतानाच तुला ठाऊक होतं, तो परत यायचा नाही. मी नको म्हणेन हेही ठाऊक होतं, म्हणून थोड्या दिवसांची थाप मारलीस. तुमचे नियम असतील, मला त्यातलं कळत नाही. पण बहिणीला फसवायचा नियम कुठल्या शास्त्रात आहे, तो दाखव मला.

आणि मादी हवी! आहे ती इथेच. टाकीमागच्या ओल्या विटांत अंडी घातलीत आणि तिथून हलत नाही. तुझ्या साहेबांना सांग, ताई देत नाही. पुन्हा मागितलंत तर मोरीला कुलूप घालीन.

रविवारी जेवायला ये. जाळी, बाटली, पिशवी काही आणायचं नाही, दारातच खिसे तपासीन. आणि यायच्या आधी त्या बरणीवरचं माझं नाव काढून तुझं लाव. मारलंस तू.

लोभ किती उरलाय, ते रविवारी बघू.

ताई