मागचे केस आणि तातेराव

५ जानेवारी २००२, अंबड
स्टाफरूममध्ये गणिताच्या तातेरावने सगळ्यांदेखत माझ्या केसांवर बोट ठेवलं. पुढून बारीक, मागून कॉलरवर, या स्टाइलला म्हणे इंग्रजीत मलेट म्हणतात, आणि मलेट हा एक मासा पण असतो. सगळे हसले. बारा वर्षं इंग्रजी शिकवतोय मी, आणि शब्द मला माहीत नाही. सोडणार नाही त्याला. तिथेच जाहीर केलं: तातेराव माफी मागेल त्याच दिवशी केस कापीन, तोवर कात्री बंद.

६ जानेवारी
डिक्शनरी काढली. मलेट म्हणजे मासा. शब्द फ्रेंचमधून आला, त्याआधी लॅटिन. केसांचं नाव नाही. सापडला चोर. २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर, हेडमास्तरांसमोर सोलून काढतो.

१४ जानेवारी
संक्रांत. तातेरावने तिळगूळ दिला. घेतला. दोनदा. सणाचा दिवस सुडात धरत नाहीत.

१९ जानेवारी
नववी ब च्या फळ्यावर कोणीतरी मासा काढला, खाली इंग्रजीत मलेट. स्पेलिंग चुकलं होतं. आधी ते दुरुस्त केलं, मग रागावलो. यात तातेरावचाच हात.

२६ जानेवारी
सगळ्यांसमोर डिक्शनरी वाचली. म्हटलं, दाखवा यात केस. तातेरावने शांतपणे विचारलं, डिक्शनरी किती सालची? १९७४. त्याने पिशवीतून कोरी डिक्शनरी काढली. त्यात मासा होता, खाली केसही होते. पण केसांच्या अर्थाचं मूळ अज्ञात! म्हणजे निम्मा विजय माझा. तसं बोललोही.
मग तातेराव हात जोडून म्हणाला, "सर, चुकलं माझं. चारचौघांत बोलाया नको व्हतं. माफी करा."
टाळ्या झाल्या. पूर्ण विजय.
मग हेडमास्तरांनी केसांची आठवण करून दिली.

२७ जानेवारी
रविवार. रामकिसनच्या सलूनमध्ये गेलो. मागचं झालं. पुढचंही बारीक कर म्हटलं. तो आरशात बघत राहिला.
"पुढं काय हाय सर कापाया? मागल्यावरच तर चाललं व्हतं."
त्याला अक्कल कमी आहे. उद्या नववी ब चा पहिला तास.

२८ जानेवारी
फळ्यावर मासा नव्हता. अंडं होतं, खाली इंग्रजीत एग.
स्पेलिंग बरोबर होतं.