मला ठाऊक नव्हतं

मी खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहिते. अक्षर वाकडं आहे ते वयामुळे. डोकं शाबूत आहे.

१. दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळाव्यात. गेली एकोणीस वर्षे ती हा जिना चढलेली नाही. तरी घर तिचंच. मागची खिडकी फुगली आहे, बंद करताना खालून उचलावी लागते.

२. दाबयंत्र, कातरयंत्र व सुया माझ्याबरोबर बावीस वर्षे शिलाई करणाऱ्या ताईला द्याव्यात. तिने त्या कोणालाही उसन्या देऊ नयेत. भिडस्त आहे, म्हणून लिहून ठेवते.

३. माझ्या लग्नाचा फोटो फ्रेमसकट धाकट्या दिराला द्यावा. त्या लग्नाला साक्षीदार म्हणून त्याची सही आहे. भावाची पहिली बायको हयात आहे, काडीमोड झालेला नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. फोटोत सगळ्यांत जास्त तोच हसतो आहे.

४. हे कलम मुलीने बसून वाचावं.

तुझे बाबा यंत्रदुरुस्तीसाठी म्हणून महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी असत. लग्नाला अकरा वर्षे झाली तेव्हा थोरली, म्हणजे त्यांची पहिली बायको, विवाहाचा दाखला घेऊन दुकानात आली. स्टूल दिलं, पण बसली नाही.

"एवढंच सांग, तुला ठाऊक होतं?"

"नाही हो. देवाशपथ नाही."

"मग कोर्टात हेच सांग," म्हणाली आणि गेली.

वकिलाने मला समजावलं, "बाई, पहिलं लग्न उभं असताना दुसरं टिकत नाही. तुमचं लग्न काही केल्या वाचणार नाही. पण तुम्हाला फसवलं म्हणालात, तर पहिलं लग्न लपवल्याच्या गुन्ह्यात ते तुरुंगात जातील. ठाऊक होतं म्हणालात, तर त्यातून सुटतील."

तू नऊ वर्षांची होतीस. साक्षीच्या आदल्या दिवशी माझ्या पदराला धरून विचारलंस, "आई, बाबांना नेतील का गं?"

मी शपथेवर सांगितलं, "मला सगळं ठाऊक होतं." जबाबावर सहीही केली. थोरलीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आमचं लग्न मुळात झालेलंच नाही, असा निकाल लागला. तुझे बाबा सुटले. मी घरी येऊन तिघांची पानं वाढली. ते आले, उभ्याउभ्याच "तू फार मोठं मन दाखवलंस" म्हणाले आणि बॅग उचलून थोरलीकडे गेले. त्यांचं पान मी झाकून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशीपर्यंत.

एकविसाव्या वर्षी निकालाची नक्कल तुझ्या हाती लागली. "जाणूनबुजून दुसरीच्या संसारात घुसलीस!" म्हणालीस. मी तोंड उघडलं असतं तर बाप तुझ्या मनातून उतरला असता. तेव्हा तो तुझ्या मनात तसाच राहू दिला आणि तुला गमावलं. गेल्या वर्षी ते वारले. आता सांगते: मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या डब्यात पोळ्या भरून देताना, स्टेशनवर सोडताना, एकदाही शंका आली नाही.

हे वाचून साक्षीदार पोस्टमनकाका म्हणाले, "बाई, असलं मृत्युपत्रात लिहितात का?" मी म्हटलं, "खोटं सहीनिशी बोलले, काका. खरंही सहीनिशीच सांगायला हवं."

५. थोरली हयात असेल तर याची एक प्रत तिला पोचवावी. बाई, तुम्ही खरं मागितलंत आणि मी तो माणूस तुमच्या पदरात परत टाकला. चुकलं माझं.

६. माझ्या मृत्यूची नोंद करताना कारकून विचारेल, विवाहित की अविवाहित. कोर्टाने एक ठरवलं, मी अकरा वर्षे दुसरं जगले. तू म्हणशील ते लिही, बाळ. पण नोंद करायला तूच जा.

सही: (वरील मजकूर वाचून, समजून)
साक्षीदार: शेजारचे चष्मेवाले; निवृत्त पोस्टमनकाका
ठिकाण: दुकान, कामाचं टेबल
तारीख: सतरा, सोमवार, सकाळी